वैनगंगेकाठच्या पूरग्रस्त गावाला नागपुरातून काय न्यावं?

मानेवाडा:
आमच्या सोसायटीत लाखांदूर तालुक्यातल्या एका गावासाठी मदत गोळा करून राहिलो. जुने कपडे ढिगाने आले, रोख कमी. पाणी ओसरत आहे, टेम्पो रविवारी निघेल. अजून काय भरू?

अंबाझरी ले-आऊट:
कपडे आता थांबवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी आमच्या वस्तीत शिरलं, तेव्हा माझ्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी लवकर उतरलं, गाळ मात्र राहिला. ओली गादी दोघांनाही उचलवत नाही. त्या वेळी ज्यांनी फावडी, घमेली, खराटे आणले आणि स्वतः गाळ उपसला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही तेच न्या, सोबत गमबूट आणि रबरी हातमोजे. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) भीती असते.

आणि सामान बाहेर फेकण्याआधी फोटो काढायला सांगा! भिंतीवरची पाण्याची खूणही फोटोत यावी. आमच्याकडे घरटी १०,००० रुपये जाहीर झाले, पण आधी पंचनामा. तुमच्यातली दोन लिहिती-वाचती पोरं तलाठ्याकडचे अर्ज भरून द्यायला बसवा. म्हाताऱ्या माणसांना याचा फार आधार होतो.

ब्रह्मपुरीची, सध्या नंदनवनात:
जनावरांचं कोणीच बोललं नाही. ऑगस्ट २०२० च्या पुरात आमच्याकडे धान तर गेलंच, तणसाचे ढिगही भिजून कुजले. माणसाला कोणी ना कोणी जेवू घालतं, गाईम्हशींना काय टाकायचं? जागा असेल तर कोरडं तणस किंवा जनावरांची ढेप (पेंड) भरा.

मानेवाडा:
ढेप मिळेल. पाण्याच्या बाटल्या किती घेऊ?

अंबाझरी ले-आऊट:
थोड्याच. जागा खातात आणि दोन दिवसांत संपतात. विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम ग्रामपंचायतीचं, पण साठा आहे का ते आजच सरपंचांना फोन करून विचारा. घरोघरी मेडिक्लोर (पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) मिळालं का, हे गावच्या आशा सेविकेला पक्कं ठाऊक असतं. आणि सॅनिटरी पॅड न विसरता भरा, काकू. मागायला बाया लाजतात.

मानेवाडा:
मी काका आहे हो, पण पॅड नक्की भरतो. सरपंचांना आत्ताच फोन लावतो.