संक्रांत तोंडावर आली, आईच्या दाढेवर तात्पुरती कॅप: काय खावं, काय टाळावं?

प्रश्न (होटगीरोड): आईच्या उजव्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, वर तात्पुरती कॅप आहे, पक्की संक्रांतीनंतर बसणार. डावीकडच्या वरच्या दाढेचंही रूट कॅनल झालंय, पण तिथे नुसतं सिमेंट भरलंय. पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा दाताच्याच रंगाच्या फिलिंगने भरलाय. भोगीची बाजरीची भाकरी, तिळगूळ, शेंगापोळी, गड्ड्यावर (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत) एक चक्कर आणि मग शेतावर हुरडा, असा बेत आहे. नेमकं काय टाळायचं? आणि कॅप निघालीच तर?

कवळीकट्टा: सगळ्यात जास्त जपायची ती डावी दाढ, कॅप नसलेली. रूट कॅनल करताना दाढ आतून पोखरली जाते, उरतात त्या पातळ भिंती. चिक्कीचा तुकडा, फुटाणा किंवा बोराची आठळी बरोबर मध्ये सापडली की त्या भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि उभी चीर जाते. चीर मुळापर्यंत पोचली तर दाढ काढावीच लागते. तात्पुरती कॅप निघाली तर पुन्हा चिकटवता येते. म्हणून मऊ घास उजवीकडे, डावीकडे शक्यतो काहीच नाही, आणि चिकट पदार्थ तर दोन्हीकडे नकोत. चावताना जोर येऊ नये म्हणून डाव्या दाढेची उंची घासून कमी केलीय का, ते सणाआधी डॉक्टरांना विचारा. केली नसेल तर करून घ्या, थोड्या वेळाचं काम असतं.

पुढच्या दाताने ऊस सोलणं, शेंगा फोडणं, बोर तोडणं बंद. फिलिंग नवं असेल तर पहिले दोन दिवस चहा आणि हळदीचा रस्सा बेताने, डाग लवकर धरतो.

तिळगूळवाली: खरी अडचण चिक्कीच्या गुळाची. त्याचा पाक दगडासारखा आळतो, आणि दाताला चिकटला की तात्पुरती कॅप सरळ उपटून काढतो, कारण तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं. आईसाठी वेगळे लाडू करा. 1 वाटी भाजलेले तीळ आणि अर्धी वाटी शेंगदाणे मिक्सरमधून भरड काढा, पाऊण वाटी किसलेला साधा गूळ घालून आणखी एकदा फिरवा. तेल सुटतं, पाक न करताही लाडू वळतात. पाकाचीच वडी हवी असेल तर गूळ विरघळून फेसाळला की लगेच गॅस बंद. गार पाण्यात टाकलेला थेंब बोटांनी दाबला जायला हवा. टण्ण वाजला तर ती वडी आईची नाही.

शेंगापोळी दुधात किंवा तुपात भिजवून. कडक भाकरी गरम आमटीत चुरून दहा मिनिटं ठेवा आणि कडेचे तुकडे चमच्याने दाबून बघा, ते लवकर भिजत नाहीत. हुरडा कोवळा असेल तर चालेल, पण आगटीतल्या हुरड्यात खडा राहतो. आईचा वाटा ताटलीत पसरून निवडून द्या.

मुळेगाव_नाका: पक्की कॅप बसली की चिक्की खुशाल खा, एवढं काय घाबरायचं?

कवळीकट्टा: नाही हो. चिकटवल्यावर पहिले 24 तास तरी सांभाळायचं, सिमेंटला पूर्ण ताकद यायला वेळ लागतो. आणि कॅप किडत नाही, पण तिच्या काठाखालचा दात किडतो. रूट कॅनलच्या दाढेला नस नसल्यामुळे ती कीड दुखत नाही, कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं. हलव्याचे दाणे दिवसभर चघळण्यापेक्षा दोन लाडू जेवणासोबत खाल्लेले बरे. खाल्ल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा. गड्ड्यावर कोल्ड्रिंक झालं असेल तर ब्रश निदान अर्धा तास थांबून. तात्पुरत्या कॅपशेजारी फ्लॉस वापरताना वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा.

एकदाणा: कॅप निघाली तर: बेसिनची जाळी बंद करून धुवा (अर्ध्या कॅपा तिथेच हरवतात), कोरडी करून तशीच बसते का बघा. मेडिकलमध्ये दातांचं तात्पुरतं सिमेंट मिळालं तर आत पातळसं लावून बसवा, हळू चावून धरा, बाहेर आलेलं पुसा. न मिळाल्यास कवळी चिकटवायची क्रीम चालते, पण मग झोपताना कॅप काढून डबीत ठेवा, नाहीतर झोपेत श्वासनलिकेत जायची भीती. फेविक्विक अजिबात नको. हिरडी भाजते आणि कॅप पुन्हा नीट बसत नाही. गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे पडते, पण डॉक्टरांना कळवा. ठसका थांबत नसेल किंवा श्वासात घरघर असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

दुखत नाही म्हणून आठवडाभर तसंच ठेवू नका. शेजारचे दात सरकले की मापाची पक्की कॅप बसत नाही, पुन्हा माप द्यावं लागतं.

होटगीरोड: डाव्या दाढेची उंची कमी केलेली नव्हती. उद्याची वेळ घेतलीय.