जर्मनीत एम.एस. करण्यासाठी राहते घर तारण ठेवावे का? शिकून आलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

मी कोल्हापूरची असून माझे वय 24 वर्षे आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर गेली दोन वर्षे मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात काम करते. पश्चिम जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात धातुशास्त्राच्या एम.एस.साठी मला प्रवेश मिळाला आहे. व्हिसासाठी लागणारे एपीएस प्रमाणपत्र (भारतातील शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) हातात आले आहे आणि हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होईल. तरीही निर्णय होत नाही, कारण जायचे असेल तर घर तारण ठेवावे लागणार आहे.

मला हे शिक्षण का हवे आहे, ते आधी सांगते. आमच्याकडे दर पावसाळ्यात कास्टिंगमध्ये ब्लोहोल (अडकलेल्या वायूमुळे पडणारी छिद्रे) वाढतात आणि रिजेक्शन चढते. आमचे जुने मोल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, साच्याची वाळू मुठीत दाबून तिचा गोळा करतात, तो मधोमध मोडून कडा बघतात आणि ओल जास्त झाली की कमी ते तिथल्या तिथे सांगतात. बहुतेक वेळा त्यांचे खरे ठरते. तीच वाळू मी प्रयोगशाळेत तपासते आणि आकडे वहीत लिहिते, पण साच्यातला धातूचा रस गोठत असताना वायू नेमका कुठे आणि का अडकतो, हे मला कोणी विचारले तर सांगता येत नाही. दोन वर्षे मी खराब माल बाजूला काढते आहे. तो खराब का झाला, हे मला मुळापासून शिकायचे आहे आणि शिकून याच गावातल्या फाउंड्रीत परत यायचे आहे.

आता पैशांविषयी. या विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही, दर सत्राला थोडी वर्गणी भरावी लागते. मात्र व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. आजच्या दराने ही रक्कम बारा लाख रुपयांच्या आसपास जाते. विमानभाडे, कपडे आणि खोलीची अनामत धरली, तर सुरुवातीलाच पंधरा लाख लागतील असे दिसते. माझी शिल्लक तीन लाख आहे आणि बँकेने साडेसात लाखांपुढच्या कर्जासाठी तारण मागितले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे तिथे मला अर्ज करता येत नाही.

वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. गंगावेशीजवळचे दोन खोल्यांचे घर सोडले तर आमच्या नावावर काही नाही. मागच्या रविवारी त्यांनी ट्रंकेतून प्रॉपर्टी कार्ड काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते माझ्यापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाले, "बघ बाळ, तुला काय वाटतंय ते." आई त्या दिवसापासून या विषयावर बोलत नाही. आजी मात्र ठामपणे माझ्या बाजूने आहे. आजोबा भुदरगडातून कोल्हापूरच्या बोर्डिंगात शिकायला आले, तेव्हाही त्यांच्या घरात असेच सगळे गप्प होते, असे ती सांगते.

ज्या एजंटाकडे चौकशी केली, त्याने पहिल्या वर्षाचा हिशोब मांडून दिला आणि पुढचे पार्ट टाइम नोकरीतून सहज भागते असे सांगितले. ते खरोखर भागते का? जर्मन भाषा ए2 म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंतच आलेली असताना काम मिळते का? अभ्यास न झेपल्यास काय होते? या प्रश्नांची उत्तरे अनुभवातून मिळाली, तर मला वडिलांसमोर खरे चित्र ठेवता येईल.

प्रतिसाद

ताई, मी इचलकरंजीचा. जर्मनीत एम.एस. करून तीन वर्षांपूर्वी परतलो आणि सध्या गोकुळ शिरगावला नोकरी करतो.

तुमच्या एजंटाने सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नाही. वर्षभराने निवास परवाना वाढवताना पुढच्या काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. शिवाय अभ्यासक्रम कागदावर चार सत्रांचा असला तरी मला सहा सत्रे लागली आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेकांना पाच तरी लागलीच. म्हणून हिशोब तीन वर्षांचा धरा. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, पण पहिल्या सत्रात काम शोधायला वेळही नसतो आणि भाषाही नसते. गोदामात रात्रपाळी करून सकाळी व्याख्यानाला बसणे मी करून पाहिले. त्या सत्रात एका विषयात नापास झालो. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदा नापास झाल्यास प्रवेश रद्द होतो, हे घरी स्पष्ट सांगा. जाण्यापूर्वी भाषा बी1 म्हणजे पुढच्या, मध्यम पातळीपर्यंत न्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले सहायकाचे काम भाषेमुळेच मिळते आणि ते अभ्यासाच्या जवळचे असते.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात आणि दोन-दोन दिवस कोणाशी मराठीत बोलणे होत नाही. तो पहिला हिवाळा मला फार कठीण गेला.

पण मिळाले तेही सांगायला हवे. माझा प्रबंध एका कारखान्यात झाला. तिथे प्रमुख अभियंत्याने माझी चुकलेली आकडेमोड माझ्याबरोबर बसून दोन तास तपासली आणि शेवटी, "हे मलाही ठाऊक नाही, आपण ओतून पाहू," असे म्हणाला. आज मी कामावर ज्या पद्धतीने विचार करतो, ती पद्धत मला तिथे मिळाली. तुमचा वाळूचा प्रश्न घेऊन गेलात, तर तिथे तो कोणी हसण्यावारी नेणार नाही.

तारणाबाबत माझे मत असे की दुसऱ्या वर्षाची निम्मी तरी सोय आधी झाली, तरच घर गुंतवा. तसे नसेल तर एक वर्ष थांबून भाषा करा आणि नव्याने अर्ज करा. जाण्याचे ठरलेच, तर खोलीसाठी आजच विद्यार्थी वसतिगृहाकडे नाव नोंदवा, कारण तिथली प्रतीक्षायादी लांब असते.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. तुमचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. तीन वर्षांचा हिशोब त्यांनी स्वतः वहीत मांडला आणि मामांनाही दाखवला. भाषेचा बी1 चा वर्ग मी सोमवारपासून लावते आहे. वसतिगृहाकडेही आज नाव नोंदवले. वडिलांनी तुम्हाला एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे: यादीत नंबर लागेपर्यंत मुलगी राहणार कुठे?