मदत हवी आहे: ड्राइव्हच्या अक्षरामागचा नेटवर्क पाथ कोडमधून कसा मिळवावा?

नमस्कार. वापरकर्त्याने निवडलेल्या फाइलचा पाथ डेटाबेसमध्ये साठवणारा एक विंडोज प्रोग्राम मी सी शार्पमध्ये लिहीत आहे. एकाच्या संगणकावर जो शेअर (नेटवर्कवरील सामायिक फोल्डर) 'झेड' या ड्राइव्ह-अक्षराला जोडलेला असतो, तोच दुसऱ्याकडे 'वाय'ला असतो. त्यामुळे अक्षराऐवजी सर्व्हर आणि शेअर यांची नावे असलेला पूर्ण यूएनसी पाथ साठवणे मला भाग आहे.

त्यासाठी मी 'डब्ल्यूनेटगेटकनेक्शन' हे, अक्षरावरून नेटवर्क पाथ देणारे विंडोजचे फंक्शन वापरतो. सुरुवातीला १२०० हा एरर कोड येत होता. अक्षर आणि कोलन यांच्यापुढे मी बॅकस्लॅशही पाठवत होतो, एवढीच ती चूक, पण तिच्यापायी माझा अर्धा दिवस गेला. आता साध्या वापरात पाथ बिनचूक मिळतो. मात्र तोच प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवला, की २२५० हा कोड येतो, म्हणजे असा ड्राइव्ह जोडलेलाच नाही. यूएसीमुळे (विंडोजच्या 'यूजर अकाउंट कंट्रोल' या सुरक्षा व्यवस्थेमुळे) अशा प्रोसेसचे लॉगऑन सेशन वेगळे असते आणि मॅप केलेले ड्राइव्ह त्या-त्या सेशनपुरतेच असतात, हे कारण मला समजते. परंतु दोन्ही सेशनना तेच ड्राइव्ह दिसू देणारी 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' ही रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) नोंद प्रत्येक संगणकावर करणे मला प्रशस्त वाटत नाही.

रजिस्ट्रीत वापरकर्त्याच्या 'नेटवर्क' कीखाली, त्या अक्षराच्या 'रिमोटपाथ'मध्ये पाथ सापडतो खरा, पण तो फक्त कायम जोडून ठेवलेल्या ड्राइव्हचा. तात्पुरत्या जोडणीचा पाथ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोसेसमधून मिळवता येतो का, की हे काम साध्या अधिकारांनी चालणाऱ्या वेगळ्या प्रोसेसकडे सोपवणेच योग्य ठरेल? कोणी हे प्रत्यक्ष केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.