कंपन्या मुळातच वाईट असतेत का? (सोयाबीन उगवलं नाही म्हणून विचारायलो)

गंगाखेडकर
राम राम मंडळी. डोकं फिरलंय म्हणून लिहायलो, थोडं लांबंल. यंदा सात एकर सोयाबीन पेरलं, सगळं पिशवीचं बी, नावाजलेल्या कंपनीचं. चार एकरात तासं कशी भरून आली अन् तीन एकरात तासंच्या तासं रिकामी. पाऊस तोच, रान तेच, ट्रॅक्टरवाला तोच, फक्त त्या तीन एकरातल्या पिशव्यांचा लॉट नंबर वेगळा. कंपनीचं पोरगं आलं, मोबाईलवर फोटो काढले अन् म्हणलं काका पेर खोल गेली. आरं मग बाकीची चार एकर काय दुसऱ्याच्या बापानं पेरली का? त्या दिवसापासून फोन उचलत नाही.

आता माझा प्रश्न असा की ते पोरगं वाईट नाही, दहा-बारा हजारावर उन्हातान्हात फिरत असंल, दुकानदार माझ्या ओळखीचा, तोही वाईट नाही, वरचा साहेब घरी लेकराबाळात चांगलाच असंल. मग एवढी चांगली माणसं मिळून जी कंपनी होती ती अशी नंगटावानी का वागती? ही चीजच मुळात अशी हाय का? मी तर ठरवलंय, यांचं घेणंच बंद. घरचं बी, घाण्याचं तेल, गावचं दुकान.

वाळूज बी शिफ्ट
दादा नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, पण बंद करा बंद करा म्हणणारे लई बघितले. माझा बाप ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होता. मी आयटीआय करून वाळूजला लागलो, बहिणीचं लग्न, गावाकडचं घर, आईचं ऑपरेशन, सगळं कंपनीच्या जिवावर. कंपन्या नव्हत्या तेव्हा गावात काय रामराज्य होतं? सावकार दिढीनं दाणे द्यायचा अन् आडतीवर काटा मारायचे, त्याची तक्रार कुठं केली कुणी? तुमच्या शेजारचंच जालना बघा, बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ ला महिको काढली, भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात, १९९८ ला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला त्या माणसाला. आज जालन्यात कितीतरी जणांचं पोट बियाण्यावर चालतंय. एक लॉट खराब निघाला म्हणून सगळ्या कंपन्या राक्षस?

काळा कोट, अंबाजोगाई
राक्षसही नाही अन् माणूसही नाही, तिथंच सगळी मेख आहे. कायद्यानं कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती धरतात. शेअर घेणाऱ्याची जोखीम त्यानं घातलेल्या पैशापुरती, त्याच्या घरादाराला हात लागत नाही. याच्यामुळंच हजारो लोकांचा पैसा गोळा होऊन कारखाने उभे राहिले हे खरं, पण फायदा वर जातो अन् निस्तरायची वेळ आली की ती आमची वेगळी कंपनी म्हणून हात झटकता येतात हेही खरं. भोपाळ आठवा. १९८४ ला वायू फुटला, १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकार पुन्हा सुप्रीम कोर्टात गेलं अन् २०२३ ला ती मागणी फेटाळली गेली. एकोणचाळीस वर्षं! सावकाराला निदान गावात तोंड दाखवावं लागायचं.

वाळूज बी शिफ्ट
झालं, आलं भोपाळ. वकील साहेब प्रत्येक वेळी तेच काढता.

काळा कोट, अंबाजोगाई
बरं मग जवळचं घ्या. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं अन् तेव्हाच तुमच्याकडच्या बिअरच्या कारखान्यांना पाणी चालू होतं. औरंगाबाद खंडपीठानं कपात करायला लावली तेव्हा कुठं कमी झालं. आपण होऊन एक तरी कंपनी म्हणाली का की बाबांनो आमचं अर्धं घ्या?

वाळूज बी शिफ्ट
पाणी सोडलं कुणी? सरकारनं. उसाला पाणी कुणी दिलं, ते का नाही बोलत? ऊस तर शेतकऱ्याचाच हाय ना.

सेलूची सून
भांडा तुम्ही. मी तेलाचं सांगते. आमच्या सासूबाईंच्या काळात घरची करडई, गावातच घाणा, वर्षाचं तेल डब्यात. मग पिशवीतलं तेल आलं, स्वस्त, वास नाही, टीव्हीवर हृदयाचं चित्र. आम्हीच भुललो, करडईचे काटे टोचतात म्हणून काढायला मजूर मिळंना अन् घाणाही बंद पडला. आता बचत गटानं लाकडी घाणा टाकलाय तर तेलाचा भाव ऐकून आमच्याच गटातल्या बाया पिशवी घेतात. मी पण तळायला तेच वापरते, खोटं कशाला बोलू. गंगाखेडकर भाऊ, घाण्याचं तेल म्हणणं सोपं हाय, महिन्याला पाच लिटर लागणाऱ्या घराला विचारा.

किराणा काका, जिंतूर
ताई बरोबर बोलल्या. माझ्या दुकानात पाच रुपयाचा बिस्कीट पुडा वर्षानुवर्षं पाचलाच हाय, पुडा मात्र वाळत चाललाय, म्हाताऱ्या माणसावानी. वजन छापलेलं असतं, गुन्हा नाही. पण वाचतंय कोण? मी सांगून बघितलं तर गिऱ्हाईक म्हणतंय काका तुम्हीच खाल्ले का. 😀 अन् गावचं दुकान वाचवा म्हणणारेच दिवाळीचं सामान परभणीच्या मॉलमधून आणतेत, मिठाची पुडी तेवढी माझ्याकडं, ती पण उधार.

उगीच एक
कंपनीच्या मोबाईलवर कंपनीचं नेट वापरून कंपनीवर बहिष्कार. चालू द्या.

जालन्याचा कापूसवाला
वाळूजवाल्या भावानं आमच्या गावाचं नाव काढलं म्हणून बोलतो. महिकोनंच मोन्सँटो या अमेरिकन कंपनीबरोबर मिळून २००२ ला बीटी कापूस आणला. सुरुवातीला बोंडअळी खरंच आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, हे मी नाकारणार नाही, माझ्या बापानं त्याच पैशावर विहीर खोदली. पण ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशेच्या वर होती अन् त्यातला मोठा वाटा नुसत्या रॉयल्टीचा. २००६ ला आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं, तेव्हा भाव साडेसातशेवर उतरला. म्हणजे परवडतच होतं की! अन् २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बीटी असून आख्खं रान खाल्लं. आता बहिष्कार घालायचा म्हणलं तरी कसा घालू, संकरित कापसाचं बी घरी धरता येत नाही, सरकी पेरली तर तसं पीक येत नाही. दरसाल दुकानाच्या दारात उभं राहावंच लागतंय.

सोयाबीनचं तसं नाही बरं का. ते सरळ वाण, म्हणजे संकरित नाही, दोन-तीन वर्षं घरचं बी चालतंय. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी ठेवायचा, पेरायचा, एकमेकाला द्यायचा, विकायचा पण हक्क हाय, फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले की बिनधास्त पेरा. म्हणून गंगाखेडकरांचं घरचं बी मला पटतंय, बाकीचं ठीक हाय.

वाळूज बी शिफ्ट
हे बोलणं पटलं. बहिष्कार जिथं चालतो तिथं करा, जिथं चालत नाही तिथं उगं छाती पिटू नका. पण एक लक्षात घ्या, २०२० ला सोयाबीन उगवलं नाही म्हणून बोंबाबोंब झाली, खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, त्यात सरकारी महामंडळाच्या बियाण्याच्या पण तक्रारी होत्या. म्हणजे रोग नफ्याचा नाही, विचारणारं कुणी नसलं की सगळेच तसे.

काळा कोट, अंबाजोगाई
हे मात्र बरोबर बोललात. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे हे २०१२ ला सुप्रीम कोर्टानं ठामपणे सांगितलं, तो खटला कुणाविरुद्ध होता माहितीये? राष्ट्रीय बीज निगम, केंद्र सरकारची कंपनी. शेतकरी जिंकले. तरी तुमचा मुद्दा पूर्ण मान्य नाही मला, नफ्याचा रोग आहेच.

गंगाखेडकर, तुम्ही तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी दिलं का? तक्रार निवारण समिती येते, विद्यापीठाचा माणूस असतो, रान बघून पंचनामा करतात. तोच कागद जिल्हा ग्राहक आयोगात कामाला येतो. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, दोन वर्षांची मुदत. टॅग अन् बिल आहे ना?

गंगाखेडकर
टॅग हायेत, पिशव्या पण हायेत, कारभारणीनं त्यात कांदे भरलेत. बिल नाही. उधारीवर नेलं म्हणून दुकानदारानं नुसती चिठ्ठी दिली, त्यावर माझं नाव अन् आकडा. ओळखीचा म्हणून मी पण मागितलं नाही.

किराणा काका, जिंतूर
ओळखीनंच घात होतो. मी पण चिठ्ठीच देतो.

काळा कोट, अंबाजोगाई
उधारीचं असलं तरी बियाणं विकणाऱ्याला बिल द्यावंच लागतं, लॉट नंबरसकट. उद्याच जाऊन मागा, गोडीनं मागा, नाही म्हणाला तर तेही तक्रारीत लिहा. अन् महत्त्वाचं, ते तीन एकर मोडलं का? रान मोडून दुबार पेरलं असंल तर समिती बघणार काय?

गंगाखेडकर
दोन एकर मोडून पेरलं परवाच. एक एकर तसंच हाय, डिझेल संपलं म्हणून ट्रॅक्टरवाला निघून गेला. उद्या सकाळी सातला येणार हाय.

वाळूज बी शिफ्ट
दादा आधी त्याला फोन लावा.