मदत हवी आहे : आजोबांच्या लष्करी पिस्तुलावरचे ठसे कोण ओळखेल?

शाहूपुरीकर : बाणाची खूण आहे, मुकुट आहे, मुकुटाखाली दोन काठ्यांची फुली आणि बारीक आकडे. कुठल्या कारखान्याचं ते सांगा. सोमवारी कागद द्यायचाय, लवकर.

उद्यमनगर : मॅगझिनवालं की फिरत्या सिलिंडरचं? ठसे नळीवर आहेत की सिलिंडरवर? फोटो टाका की ओ.

पन्हाळकर : चिंचेचा कोळ लावून घासा, अक्षरं लख्ख दिसतील. आमच्या घरची तलवार अशीच उजळली.

उद्यमनगर : कृपा करून घासू नका! एकदा ठसा गेला की ओळखायला काही उरत नाही. टॉर्च तिरका धरला की झिजलेलाही दिसतो.

पन्हाळकर : तीस वर्षं घासतोय, काही गेलं नाही.

शाहूपुरीकर : सिलिंडरवालं. नळी खाली झुकवली की उघडतं. वर मार्क सिक्स, बाजूला १९१७. फोटो नाही, आजोबा गेल्यावर दुकानदाराकडं जमा केलंय.

रंकाळा : हे आधी सांगायचं ना! वेब्ली मार्क सिक्स, .४५५ बोअर (नळीचं माप), बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यानं हे मॉडेल १९२१ पासून बनवलं, त्यामुळं १९१७ चं एनफिल्डचं नव्हे. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. मुकुट-आकडा तपासनिसाचा, भाग मापात बसला एवढंच तो सांगतो. प्रूफचा ठसा वेगळा : जादा दाबाचं काडतूस उडवून नळी-सिलिंडर टिकलं की मारतात. काठ्यांना झेंडे आहेत का? असतील तर लष्करी प्रूफ. नुसते राजदंड असतील तर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचं, ते १८१३ पासून आहे.

मंगळवार_पेठ : न्यू पॅलेसच्या म्युझियमला द्या. विकलं तर किती येतील?

उद्यमनगर : किंमत कुणी विचारलीय? लायसन्स कुणाच्या नावावर?

शाहूपुरीकर : आजोबांच्या. वारसाचा अर्ज करतोय, त्यासाठीच. दुकानदाराला फोन केला. झेंडे आहेत. बाण दोन आहेत, टोकाला टोक लावून.

रंकाळा : मग सरकारनं सेवेतून काढून विकलेलं आहे, लष्करातून चोरलेलं नव्हे. अर्जात मेक, बोअर आणि नंबर लिहा. नंबर दुकानदाराकडून वाचून घ्या आणि जुन्या लायसन्सवरच्या नंबराशी जुळवा. एक आकडा जरी चुकला तरी फाईल अडते.

पन्हाळकर : नंबर नीट दिसत नसेल तर चिंच लावा.