पोहणाऱ्या मुलांचे खांदे कसे सांभाळायचे? (पणजी, मुलगी १३ वर्षांची)

पर्वरीची_आई
नमस्कार मंडळी, माझी मुलगी कांपालच्या स्विमिंग पूलमध्ये स्क्वॉडबरोबर पोहते, फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय. मे महिन्याच्या सुट्टीत प्रॅक्टिस एकदम दोन्ही वेळ सुरू झाली आणि तेव्हापासून उजवा खांदा पुढून दुखतो म्हणते. पाण्यात बरं वाटतं पण घरी केस विंचरायला हात वर नेला की कळ येते. बरोबरच्या मोठ्या मुली म्हणतात असं सगळ्यांनाच होतं, स्ट्रेच कर, आणि एकमेकींचे हात मागून ओढून देतात. हे बरोबर आहे का? पोहणं बंद करायचं नाहीये तिला. कुणाच्या मुलांना झालंय का, काय केलंत?

फोंड्याचा_फिजिओ
ताई, ते हात मागे ओढणं आजपासून बंद करा, बाकीचं नंतर वाचा. पोहणाऱ्यांचा खांदा बहुतेक वेळा आधीच सैल असतो, तो अजून ताणला की सांध्याला पुढून धरणारं आवरण ढिलं पडतं आणि सगळं ओझं रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार छोट्या स्नायूंवर येतं. खांद्याला लवचिकपणा कमी पडत नाहीये, मागची ताकद कमी पडतेय.

हिशोब करून बघा, ५० मीटरला दोन्ही हातांचे मिळून ४० हात (स्ट्रोक) मारले असं धरलं तर ४ किलोमीटरला ३२०० हात, म्हणजे एका खांद्याला १६००, आणि दोन वेळ पोहली तर त्याच्या दुप्पट. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ मध्ये 'स्विमर्स शोल्डर' नावानं हे दुखणं मांडलं तेव्हा हाडाखाली टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चिमटतो यावर भर होता, आता मात्र अतिवापरानं टेंडनच दुखावतो हे कारण जास्त महत्त्वाचं मानतात. म्हणून सुट्टीत अचानक डबल करणं हेच मुख्य कारण असायची शक्यता आहे.

पाणी मागे ढकलताना छातीचे आणि बगलेखालचे स्नायू दणकट होतात, हात बाहेर फिरवणारे आणि पाठीवरचं खांद्याचं पातं धरणारे तसेच राहतात. त्यासाठी रबरी बँड दाराच्या कडीला बांधा, कोपर कमरेला चिकटवून मध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा आणि हात हळूहळू बाहेर फिरवायला सांगा. मग तोच बँड दोन्ही हातांनी मागे ओढायचा, पाती जवळ आणून. शेवटी भिंतीवर पुशअप, वर आल्यावर पाठ अजून थोडी मागे ढकलायची. १५चे २-३ सेट, आठवड्यातून तीनदा, दुखत नसेल तरच. पण पोहायच्या अगदी आधी नको, थकलेला रोटेटर कफ घेऊन पाण्यात उतरणं वाईट.

मिरामार_करंजाळे
टेक्निक पण बघा हो. कुणीतरी समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. हात पाण्यात अंगठा खाली करून जातो का, डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो का? दोन्ही चुकीचं. बोटं आधी, तळवा खाली आणि खांद्याच्या सरळ रेषेत. एकाच बाजूला श्वास घेणाऱ्यांचं अंग दुसरीकडे वळत नाही, मग तो हात नुसत्या खांद्याच्या जोरावर ओढला जातो, म्हणून दोन्हीकडून श्वास शिकवाच. आमच्याकडे मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ साठी (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) १.९ किलोमीटर समुद्रात पोहायची तयारी करणारे लोक सगळ्यात आधी मोठे पॅडल (पोहताना तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) घेतात आणि खांदा धरून बसतात, जीव तुटतो बघून. मुलांच्या हातात पॅडल देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

बांबोळीवाली
बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) ऑर्थो, म्हणजे हाडांच्या ओपीडीत दाखवा आधी, सकाळी लवकर जा. १३ वर्षांला हाडांची वाढ चालू असते म्हणून एकदा डॉक्टरांनी बघितलेलं बरं. रात्री त्या कुशीवर झोपताना दुखत असेल किंवा हातात जोर नसेल तर मुळीच थांबू नका.

पर्वरीची_आई
देव बरें करूं सगळ्यांचं. रात्री दुखत नाही, विचारलं तिला. उद्याच बांबोळीला नेते. तोपर्यंत नुसती किक, म्हणजे फक्त पाय मारू दे का? हातात तरंगणारा बोर्ड घेऊन?

फोंड्याचा_फिजिओ
किक चालेल, बोर्ड नको. हात पुढे ताणून बोर्डवर वजन टाकलं की तोच खांदा दाबला जातो. पाठीवर पडून, हात अंगाला लावून किक करू दे. बटरफ्लाय पूर्ण बंद, फ्रीस्टाइल डॉक्टरांनी हो म्हटलं तर निम्मं, आणि दुखलं की त्याच लॅपला बाहेर. कोचना स्वतः जाऊन सांगा, मुलं सांगत नाहीत, टीममधून काढतील अशी भीती असते त्यांना. पुढे आठवड्याला थोडंथोडंच वाढवा, साधारण १० टक्के.

पर्वरीची_आई
आणि फिन्स, ते पायात घालायचे रबरी पंख?

मिरामार_करंजाळे
फिन्स चालतील, पायांनी वेग मिळतो, हातांवरचा भार कमी होतो. छोटे घ्या, लांब नकोत.