आईची केमो टाळता येईल का? ऑन्कोटाइप टेस्टबद्दल

सांगलीकर: आईचं (वय ५८) ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ १.८ सेंमी, इआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू प्रोटीन निगेटिव्ह, काखेतल्या गाठींमध्ये कॅन्सर पसरलेला नाही. डॉक्टर म्हणतात ऑन्कोटाइप (गाठीतले जीन्स तपासणारी टेस्ट) करा मग केमोचं ठरवू, पण खर्च लाखांत आहे हो, खरंच उपयोग होतो का? आई तर रोज विचारते केस जाणार का म्हणून.

स्लाईडवाली: दादा मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आईला परत सुई वगैरे नाही, ऑपरेशनची गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपलेली असते, तीच पाठवतात. २१ जीन्स तपासून कॅन्सर परत येण्याच्या धोक्याचा ० ते १०० मध्ये स्कोअर येतो. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात दहा हजारांवर बायका होत्या, आईसारख्या केसमध्ये पन्नाशीनंतर स्कोअर २५ पर्यंत असेल तर केमोने जास्तीचा फायदा दिसला नाही, हार्मोनच्या गोळ्या पुरल्या. तरुण बायकांचं गणित वेगळं आहे, १६ ते २५ स्कोअरला त्यांना केमोचा थोडा फायदा दिसला.

मीनामावशी: माझा १४ आला, केमो नाही, फक्त गोळी. सांधे दुखतात पण वेणी शाबूत आहे 😄

सांगलीकर: धन्यवाद ताई, मावशी. एक लॅबवाला म्हणाला जिवंत पेशींवर औषधं टाकून कुठली केमो लागू पडेल ते सांगतो?

स्लाईडवाली: त्या नादाला लागू नका, बशीत मरणारी पेशी अंगात मरेलच असं नाही. खर्च जमत नसेल तर बंगळुरूची कॅनअसिस्ट, अशाच कामाची टेस्ट, विचारा डॉक्टरांना, ठोकळ्यावरच होते. आणि ठोकळा देताना पावती घ्या!